काका, तुमची एकही गोळी नाही आणि काकूंचे गुडघे

नागपूरच्या त्रिमूर्ती नगरातून एका काकांनी लिहिलंय. पत्र मोठं आहे, कामाचा भाग तेवढा देते.

"ताई, मी ६७ वर्षांचा, वीज खात्यातून रिटायर. बायको ६१ ची. मला आजपर्यंत एकही गोळी सुरू नाही, रोज सकाळी अंबाझरीकडे फिरायला जातो. तिचं मात्र रोज काही ना काही असतेच, गुडघे, पाठ, झोप नाही, थकवा, सारखी दुखून राहिलं म्हणते. आता आमच्या गल्लीत पहा, १४ घरं, त्यातल्या ५ घरी बाया एकट्या, नवरा गेलेला. एकटा राहिलेला माणूस एकच. आमच्या फिरण्याच्या ग्रुपमधले तिघं वर्षभरात गेले, तिघंही धडधाकट. पोरगा म्हणतो बाबा बाया जास्त जगतात, हे सायन्स आहे. मला हे पटून नाही राहिलं. जिचं रोज दुखते ती जास्त जगते आणि ज्याला काहीच नाही तो आधी जातो, असं काहून? आणि खरंच असं असेल तर मी काय करायचं? दारू नाही, खर्रा दिवसाचे दोनच."

काका, नमस्कार. तुम्ही लिहिलं याचा खूप आनंद झाला, कारण तब्येतीची पत्रं मला बहुतेक बायकांची येतात आणि त्यातही अर्धी नवऱ्याच्या तब्येतीची असतात, माणूस स्वतः लिहितो असं फार कमी होतं.

तुमचा मुलगा बरोबर बोलला. पण तुम्हाला जे उलटं वाटून राहिलं ते उलटं नाहीये जी, दुखणं आणि मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायकांना उतारवयात जे आजार जास्त होतात ते पहा, गुडघे घासणे, हाडं ठिसूळ होणे, रक्त कमी, थायरॉईड, मन उदास राहणे, हे सगळं माणसाला रोज छळतं, उठू देत नाही, झोपू देत नाही, पण एका रात्रीत नेत नाही. आणि माणसांना जे लवकर गाठतं ते पहा, हार्ट, लकवा, लिव्हर, तोंडाचा नि फुफ्फुसाचा कॅन्सर, गाडीचा अपघात. यातलं बरंचसं वर्षानुवर्षं दुखतच नाही. बीपी दुखत नाही, शुगर दुखत नाही, कोलेस्टेरॉल तर अजिबातच दुखत नाही. म्हणून तुमचे ते तीन मित्र शेवटच्या आठवड्यापर्यंत धडधाकट दिसले असतील.

माझ्या बाबांचं तसंच झालं. "मला काय धाड भरली" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ६६ व्या वर्षी पहाटे छातीत कळ आली, ॲसिडिटी म्हणून इनो घेतला, सकाळी आठ वाजता हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं. नंतर समजलं की रिटायर होताना ऑफिसच्या कॅम्पमध्ये बीपी १७० निघालं होतं, तो कागद कपाटात तसाच घडी घातलेला होता, आम्हाला कोणालाच त्यांनी सांगितलं नव्हतं. आई त्यानंतर १८ वर्षं जगली. तिच्या त्या १८ वर्षांबद्दल पुढे सांगते, कारण तुम्ही काय करायचं याचं निम्मं उत्तर तिथंच आहे.

आधी तुमचं काहून. सरकारचे २०१६ ते २०२० चे आकडे असे की भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुष्य ६८.६ वर्षं आणि मुलीचं ७१.४. जगात जवळपास सगळ्याच देशांत बायका पुढे आहेत. जगातल्या सगळ्यात लांब नोंदलेल्या आयुष्यातही तेच दिसते, फ्रान्सची जीन काल्माँ १२२ वर्षं जगून १९९७ मध्ये गेली, आणि पुरुषांतला रेकॉर्ड जपानच्या जिरोएमोन किमुरा यांचा, ११६ वर्षं.

पण आपल्याकडे हे कायम असं नव्हतं हो काका. १९७० च्या दशकापर्यंत भारतात बायका माणसांपेक्षा कमी जगत होत्या, बाळंतपणात जात होत्या, पोरींना दूध कमी, दवाखाना उशिरा. तुमच्या आजीच्या पिढीत किती बाया पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणात गेल्या ते घरात विचारून पहा. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, मातामृत्यू कमी झाले (२०१८-२० मध्ये देशात लाख जिवंत जन्मांमागे ९७, महाराष्ट्रात ३३) तेव्हा कुठे आपल्या बाया पुढे निघाल्या. म्हणजे निसर्गाने दिलेला फायदा आपण त्यांना कित्येक वर्षं घेऊच दिला नाही, हे मला नेहमी लागतं.

निसर्गाचा फायदा काय, तर थोडक्यात सांगते. बाईकडे एक्स क्रोमोसोम (गुणसूत्र) दोन असतात, माणसाकडे एकच. एकावरच्या जीनमध्ये बिघाड असला तर बाईकडे दुसरा असतो, गाडीत स्टेपनी असावी तसं, माणसाकडे त्या बाबतीत स्टेपनी नाही. दुसरं म्हणजे पाळी सुरू असेपर्यंत इस्ट्रोजेन हार्मोन रक्तवाहिन्या सांभाळतं, म्हणून माणसांना हार्ट ॲटॅक बायकांपेक्षा साधारण ७ ते १० वर्षं आधी येतो. पण पाळी गेली की ते कवच हळूहळू जातं, आणि आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ लाच जाते. काकू ६१ च्या आहेत. म्हणजे हार्टच्या बाबतीत बायकांना काही होत नाही असं समजून बसू नका.

आता जर्मनीतला एक अभ्यास आहे तो मला फार आवडतो. बव्हेरियातल्या ख्रिश्चन मठांमधल्या ११ हजारांहून जास्त नन आणि मंक यांच्या नोंदी काढल्या. दोघांचं जगणं जवळपास सारखं, उठण्याची वेळ सारखी, जेवण सारखं, प्रार्थना सारखी, दारू-सिगरेट-नोकरीचं टेन्शन-भरधाव गाडी यातलं फारसं काही नाही. तर तिथे बाई आणि माणूस यांच्या आयुष्यातला फरक एखाद्या वर्षावर आला, मठाच्या बाहेर तो कितीतरी जास्त होता. मी त्यातून एवढंच घेते की या फरकाचा मोठा भाग माणसांनी स्वतः ओढवून घेतलेला आहे, आणि म्हणून तो कमी करता येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तंबाखू घेणारे पुरुष ३८ टक्के आणि बाया ९ टक्के, दारू पिणारे पुरुष १९ टक्के आणि बाया १ च्या आसपास. रस्ते अपघातात मरणाऱ्या दहांत आठाहून जास्त पुरुष. आत्महत्या करणाऱ्या दहांत सात पुरुष. यात क्रोमोसोम कुठे आला सांगा.

आणि आता तुमचा खर्रा. "दोनच" असं लिहिलंत तुम्ही, जसं काही हिशोबात धरायचं नाही. काका, आपल्या नागपुरात प्रत्येक पानठेल्यावर पन्नीत घोटून घोटून देतात, घोटणाऱ्याच्या हाताची पण लोक तारीफ करतात, त्यामुळे तो खाण्याचाच पदार्थ वाटतो. त्यात तंबाखू आहे, चुना आहे आणि सुपारी आहे, आणि नुसती सुपारी, तंबाखू नसलेली, तीसुद्धा कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने पक्कं सांगितलेलं आहे. दोन खर्रे म्हणजे दोन मिनिटं नाहीत, एकेक तासनतास गालात असतो. आज आरशासमोर उभे रहा आणि स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घालून पहा. जात नसतील, किंवा तिखट खाल्लं की तोंडात आग होत असेल, गालाचं आतलं कातडं पांढरं, कडक लागत असेल तर ते सुपारीने तोंड आखडायला लागल्याचं लक्षण आहे आणि तिथून पुढे कॅन्सरची भीती वाढते. बोटं गेली तरी दाखवा. मेडिकल कॉलेजजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथे तोंड तपासून देतात. आणि खर्रा एकदम सोडला की आठ-दहा दिवस चिडचिड होईल, झोप उडेल, ते निकोटिनमुळे, त्याला घाबरू नका, डॉक्टरला सांगा, त्यावर औषध आहे.

एक आणखी, तुमची "एकही गोळी नाही" ही गोष्ट तुम्ही फार अभिमानाने लिहिली आहे पण बीपी किती आहे ते कुठेच लिहिलं नाही, शुगर किती ते नाही. गोळी नाही याचा अर्थ आजार नाही असाही होतो आणि तपासलंच नाही असाही होतो. देशात १५ वर्षांवरच्या दर चार पुरुषांत जवळपास एकाचं बीपी वाढलेलं आहे किंवा त्याला बीपीची गोळी सुरू आहे, ६७ व्या वर्षी तर प्रमाण आणखी जास्त असते. फिरता हे फार चांगलं आहे, ते सोडू नका, फक्त मे महिन्यात सहाच्या आत परत या. पण चालण्याने बीपी मोजलं जात नाही.

आता काकूंकडे येऊ, कारण खरं सांगू का, तुमचं पत्र वाचताना माझं अर्धं लक्ष त्यांच्याकडेच होतं. "सारखी दुखून राहिलं म्हणते" या वाक्यात थोडा वैताग आहे, तो समजतो मला, रोज ऐकून माणूस कंटाळतो. पण काका, ते दुखणं खरं आहे. जागतिक आकडे पहा, २०१९ मध्ये बाया माणसांपेक्षा ५ वर्षं जास्त जगत होत्या, पण धड तब्येतीची वर्षं मोजली तर फरक अडीच वर्षांपेक्षाही कमी. म्हणजे जास्तीच्या वर्षांतली निम्मी दुखण्यातच जातात. आपल्याकडे मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्येचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ च्या पुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांचा सर्व्हे केला, त्यातही अंघोळ, कपडे, उठबस अशा रोजच्या कामांत अडचण येणाऱ्यांत म्हाताऱ्या बायांचं प्रमाण म्हाताऱ्या माणसांपेक्षा जास्त निघालं.

याची सुरुवात साठीत होत नाही. १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना ॲनिमिया आहे, माणसांत २५ टक्के. सगळ्यांचं झालं की उरलेलं खायचं, वरणातलं घट्ट पोरांना आणि नवऱ्याला, पातळ स्वतःला, दूध पोरांना, हे ३०-४० वर्षं चाललं की हाडात आणि स्नायूत काय उरणार. त्यात पाळी गेल्यावरच्या पहिल्या ५ ते ७ वर्षांत हाडांचा पाचवा हिस्सासुद्धा जाऊ शकतो. पन्नाशीनंतर दर तीन बायांत एकीचं ठिसूळ हाडामुळे फ्रॅक्चर होतं (माणसांत पाचांत एकाचं, म्हणजे तुम्हीही सुटला नाहीत).

माझी आई ७४ व्या वर्षी बाथरूममध्ये पडली. साधी पडली, फरशी ओली होती, नळाला धरायला गेली आणि तो फिरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा एकटी गेटच्या बाहेर गेली नाही. त्यानंतरची १० वर्षं ती जगली असं आम्ही म्हणतो, आयुष्याच्या हिशोबात ती धरली जातात, पण तिला भाजी स्वतः निवडून आणायची फार हौस होती, ती कोणी दुसऱ्याने आणलेली भाजी रोज पाहून गप्प बसायची. त्या बाथरूममध्ये भिंतीला एक स्टीलचा रॉड लावायला किती खर्च येतो हो. हे मला अजून झोपू देत नाही, म्हणून तुम्हाला सांगून राहिली, या आठवड्यात लावा. कमोडच्या बाजूला एक, अंघोळीच्या जागी एक, खाली रबरी मॅट, आणि रात्री बाथरूमपर्यंत एक छोटा लाईट सुरू ठेवा. खाली बसायचा संडास असेल तर कमोड बसवून घ्या.

गुडघ्यांसाठी आराम कर, आराम कर असं सगळे सांगतात आणि तिथेच चुकतं. मांडीचे स्नायू कमजोर झाले की सगळा भार गुडघ्यावर येतो, म्हणून ते स्नायू मजबूत करायचे. फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीनदा न्या, व्यायाम शिकून घ्या, मग घरीच करा, खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, सुरुवातीला पाच वेळा, मग वाढवायचं. नुसतं चालणं पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारख्या व्यायामासोबत दोन दिवस स्नायूंचा आणि ६५ च्या पुढच्यांना तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते. हे तुम्हालाही लागू आहे, दोघं सोबत करा. आणि जमिनीवर बसून पोछा मारणे, पाण्याच्या बादल्या उचलणे, सिलेंडर सरकवणे, ही कामं उद्यापासून तुमची. तुम्ही ठणठणीत आहात ना, मग हे ठणठणीतपण घरात कामाला येऊ द्या.

जेवणात फार काही वेगळं आणायची गरज नाही, झुणका, हरभऱ्याची उसळ, घट्ट वरण, दही, चालत असेल तर अंडी, जवसाची चटणी. फक्त काकूंनी तुमच्यासोबत एकाच वेळी बसून खायचं, एवढं एक पाळा. बाकीचं आपोआप होते.

आणि हे नीट लक्षात ठेवा, बायकांचा हार्ट ॲटॅक दर वेळी छातीत कळ येऊनच येतो असं नाही. धाप लागणं, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, अचानक खूप थकवा, घाम. काकूंचं रोजच काहीतरी दुखतं त्यामुळे त्या दिवशीचं वेगळं दुखणं तुम्हाला वेगळं वाटणार नाही, हा धोका आहे. "आज वेगळंच वाटून राहिलं" असं त्या म्हणाल्या तर तसेच गाडीत बसवा आणि इसीजी काढा.

आता तुमच्या गल्लीतल्या पाच बाया. तिथे नुसतं जास्त जगणं नाहीये. आपल्याकडे नवरा बायकोपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा पाहतात. तुमच्यात ६ वर्षांचं अंतर, त्यात बाई दोन-तीन वर्षं जास्त जगते हे मिळवलं की झाली आठ-नऊ वर्षं. सरासरीचा साधा हिशोब आहे, कोणाचं काय होईल ते कोणी सांगू शकत नाही, पण त्या आठ-नऊ वर्षांत काकूंच्या गुडघ्यांना धरायला तुम्ही नसाल. हे वाचायला कडू आहे, लिहायलाही कडू आहे. पण तुम्ही विचारलंत मी काय करायचं, म्हणून लिहिते.

बाबा गेले तेव्हा आईला बँकेत पाय ठेवायची सवय नव्हती. एटीएमचा पिन बाबांच्या डोक्यात. एफडी कुठे कुठे आहेत हे शोधण्यात आमचे सात महिने गेले आणि त्या सात महिन्यांत ती प्रत्येक खिडकीवर "ते असते तर" म्हणत उभी राहायची. तुम्ही असं करा, बँकेचं खातं दोघांच्या नावाने, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे दोघांपैकी कोणीही चालवू शकेल आणि एक गेला तरी दुसऱ्याचं अडणार नाही. पेन्शनच्या कागदावर काकूंचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का ते जाऊन पहा, ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ ऑफिसकडून येणारी पेन्शन असेल तर तुमच्या मागे त्यांना निम्मी मिळते, तो आकडा आजच त्यांना सांगून ठेवा म्हणजे घर त्यात चालेल का हे कळेल. नॉमिनी लावला म्हणजे मालक झाली असं नसते, म्हणून मृत्युपत्र करा, साध्या कागदावर चालते, दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर केलं तर उत्तम. घरावर त्यांचं नाव नसेल तर त्याचाही विचार करा, पोरं चांगली असली तरी करा. आणि दर महिन्याला बँकेत त्यांना सोबत न्या, फॉर्म त्यांनाच भरू द्या, उशीर लागला तरी मधे बोलू नका. तुम्ही ७० चे झाले की आयुष्मान कार्ड काढा, ७० च्या वरच्या सगळ्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचा इलाज आहे, कमाई किती ते पाहत नाहीत.

उलटंही होऊ शकतं, त्या आधी गेल्या तर. तुमच्या गल्लीतला तो एकटा माणूस कसा राहून राहिला ते तुम्ही लिहिलं नाही, पण मला अंदाज आहे. जोडीदार गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याचा मृत्यूचा धोका वाढतो आणि तो बायांपेक्षा माणसांत जास्त वाढतो, हे बऱ्याच देशांत दिसलंय. बाईला भिशी असते, भजनी मंडळ असते, बहीण असते, शेजारीण डबा घेऊन येते आणि दोन तास रडू देते. माणसाचं सगळं बोलणं बायकोपाशीच संपलेलं असतं. म्हणून काका, वरण-भात शिका, कुकरच्या शिट्ट्या शिका, आणि फिरण्याच्या ग्रुपमध्ये पॉलिटिक्स सोडून कधीतरी स्वतःचं बोला. ते तिघं गेले त्याबद्दल तुम्ही चौघं-पाच जण एकमेकांशी एकदा तरी बोललात का? त्या एकट्या शेजाऱ्याकडे आठवड्यातून एकदा जा, त्यालाही सोबत न्या फिरायला. फारच मन खचत असेल, तुमचं किंवा त्याचं, तर १४४१६ हा सरकारी टेली-मानस नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

तर येत्या सोमवारी दोघंही उपाशीपोटी लॅबमध्ये जा. दोघांचं बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन. काकूंचं थायरॉईड, व्हिटॅमिन डी, बी-१२ आणि डॉक्टरांना विचारून हाडं किती ठिसूळ झाली ते पाहणारी डेक्सा टेस्ट, तसंच स्तनाची आणि गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. तुमचं तोंड आणि इसीजी. प्रायव्हेट परवडत नसेल तर मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, मेयो हॉस्पिटल आहे, मिहानला एम्स आहे, गर्दी असते, वेळ लागतो, पण होते. त्या म्हणतील माझं राहू द्या, तुमचंच करा. सगळ्या बाया म्हणतात, माझी आईपण म्हणायची. ऐकू नका, आधी त्यांचा नंबर लावा.

आणि उपाशीपोटी जायचं असल्यामुळे सोमवारचा सकाळचा चहा घरी आल्यावरच होईल, तो तुम्ही करा.